कोरडी गळती

“बाहेर ये! बाहेर ये म्हणतो ना! लपून बसतेस होय? आज तुला फाडून नाही काढली तर इनास नाव लावणार नाही!”

मागोमाग हातोड्याचा दणका बसला आणि पत्रा असा किंचाळला की समोरच्या चिकूच्या झाडावरचे झाडून सगळे पक्षी पार नायगावच्या खाडीपर्यंत उडाले असतील. उमेळ्यात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. आम्ही साताऱ्याकडची माणसं. इथल्या चालीरीती ठाऊक नाहीत. भिंतीपलीकडे गॅरेज आहे एवढं माहीत होतं. तिथे एखाद्या बाईचा खून चाललाय अशी माझी खात्री झाली. मी सायलेन्सरचा पाइप उचलला आणि एकटा धावून गेलो. (एकटा म्हणजे, पुढे दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्या मागे.)

पाहतो तर एका जुनाट फोर बाय फोर पिकअपखालून दोन काळेकुट्ट पाय बाहेर आलेले, आणि दारात एक बाई शांतपणे तांदूळ निवडत बसलेली.

“कोणाला मारतायत?” मी विचारलं.

“तेलाला,” बाई म्हणाली.

“म्हणजे?”

“तेल गळतंय. कुठून गळतंय ते सांगत नाय. म्हणून मारतो.”

ती मार्सेलीनमामी, इनासमामाची बायको. आणि गाडीखालून जो सरपटत बाहेर आला तो इनासमामा. तो उभा राहू लागला तो बराच वेळ राहतच होता, इतका उंच. पंजे असे की चहाचा कप त्यात औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढा दिसे. त्यानं माझ्या हातातला पाइप पाहिला, मला पाहिलं, आणि आपलं तेलकट बोट माझ्या नाकाखाली धरलं.

“शेजारी तू? वास घे. काय हाय?”

“तेल.”

पाठीत असा धपाटा बसला की सकाळचा चहा मला पुन्हा एकदा भेटून गेला. “तेल सगळंच असतंय! कुठलं? इंजिनाचं, गिअरचं, ब्रेकचं? ओळखता येत नाय आणि दुकान टाकलंस?”

ही आमची ओळख. पुढची अनेक वर्षं मी त्याला सील, पाइप आणि गॅस्केटं पुरवली, आणि माझी पाठ भिंतीकडे ठेवूनच त्याच्याशी बोललो.

मामा मूळचा वटारचा. वाडी, विहीर, केळी सगळं भावांकडे ठेवून हा गॅरेज टाकायला उमेळ्यात आला. घरात नवराबायको आपल्या वाडवडिलांच्या बोलीत भांडत. ती मला कळत नसे, पण भांडी कुठल्या दिशेनं येतायत त्यावरून अर्थ लागे. गॅरेजात त्याची भाषा सगळ्यांची होती, शिव्या मात्र त्याच्या स्वतःच्या. रविवारी चर्चमध्ये मिस्सा ऐकून आला की तासभर तो कोणाला मारत नसे. त्या तासात गिऱ्हाइकांची रांग लागे.

अख्ख्या वसई तालुक्यातल्या जुन्या फोर बाय फोर पिकअप त्याच्याकडे येत. या गाड्या म्हणजे गळण्यासाठीच जन्मलेल्या. इंजिन, गिअरबॉक्स, त्याला चिकटून पुढच्या चाकांना ताकद देणारी दुसरी पेटी, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक. जिथे बघाल तिथे सील, आणि जिथे सील तिथे आज ना उद्या थेंब. बाकीचे मिस्त्री जिथे थेंब पडला त्याच्या बरोबर वरचं सील बदलत आणि हात पुसत. मामाला अशा मिस्त्र्यांना पकडून त्यांना गिअर ऑइलनं आंघोळ घालायची फार इच्छा होती. एकाला त्यानं घातलीही.

“थेंब हा खोटा साक्षीदार,” तो म्हणे. “पत्ता विचारला की शेजाऱ्याचा देतो. गाडी पळते, वारा लागतो, तेल मागं मागं सरकतं. पडतं एकीकडं, चोर बसलाय भलतीकडं.”

चोर पकडायची त्याची रीत अशी. गाडीचं पोट आधी रॉकेलनं धुवायचं, नुसतं धुवायचं नाही, खरवडायचं. मग कोरडं करायचं. मग मार्सेलीनमामीच्या डब्यातलं भाकरीचं तांदळाचं पीठ चाळणीनं सगळ्या पोटावर उडवायचं. गाडी वटारपर्यंत हाणून परत आणायची आणि खाली घुसायचं. पांढऱ्या पिठात तेलानं आपली वाट काढलेली असे. त्या वाटेवर बोट ठेवून वर वर जायचं. जिथे ओल संपते आणि वर पीठ कोरडं राहतं, तिथे चोर. मग मामा असा ओरडे की स्टेशनपर्यंत लोकांना कळे, गळती सापडली. मामीलाही कळे, डब्यातलं पीठ गेलं. मग दुसरी मारामारी.

गळतीवर त्याचा राग होता, पण खरा जीवघेणा राग होता तो भर घालणाऱ्यांवर. गळू दे, वरून ओतत राहू, असं म्हणणारा माणूस त्याच्या लेखी दरोडेखोराच्या खालचा. कामणचा एक ड्रायव्हर आला, त्यानं इंजिनाखाली तारेनं डबा टांगला होता. गळलेलं तेल डब्यात, संध्याकाळी डबा परत इंजिनात; आणि हे सगळं तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. मामानं ऐकून घेतलं. मग डबा सोडला, तेलासकट त्याच्या डोक्यावर उपडा घातला आणि वरून पान्यानं घंटा वाजवली. तो ड्रायव्हर अजून बहिरा आहे असं लोक सांगतात. मी सांगत असतो, म्हणून लोक सांगतात.

चिंचोटीचं तर विचारूच नका. पावसाळ्यात धबधब्याला येणाऱ्या एका टोळक्याची जीप रस्त्यात तापून उभी होती आणि पोरं रेडिएटरमध्ये बिअर ओतत होती. मामा त्याच रस्त्यानं येत होता. त्यानं आधी त्यांना मारलं. मग त्यांचा फाटका पाइप बदलून दिला. बदलताना त्यातला एकजण हसला, म्हणून पुन्हा मारलं. परत आला तेव्हा एक डोळा बंद, ओठ फाटलेला, शर्टाला एकच बाही. आणि पहिलं वाक्य काय? “क्लिप ढिली होती.”

तो असा का, याच्या गावात पुष्कळ गोष्टी होत्या. कोणी म्हणे लहानपणी ब्रेक गेलेल्या ट्रकखालून वाचला, कोणी म्हणे बाप दारू गळेपर्यंत पीत असे. सगळ्या थापा. त्यातल्या दोन चांगल्या थापा माझ्याच आहेत.

त्याला जोडीचा माणूस एकच, अर्नाळ्याचा जनू तांडेल. होडीचा मालक, बैलाएवढी मान, आवाज असा की समोरच्या किल्ल्यातून उत्तर यावं. दोघं एका वयाचे, एका शाळेत एकाच मास्तराचा मार खाल्लेले. जनूची पिकअप वाळूवर होड्या ओढायची, बर्फ आणायची, मासळी न्यायची. दोघांची एक जुनी मस्ती होती. जनू गॅरेजात गाडी आणायचा ती सरळ मामाच्या अंगावर. मामा जागचा हलायचा नाही. बंपर त्याच्या गुडघ्यांपासून वीतभरावर थांबायचा, मग मामा बोनेटवर हातोडा मारायचा, मग दोघं एकमेकांच्या आईबहिणींची चौकशी करायचे, मग चहा. पाहणाऱ्याचा जीव जाई. त्यांचं रक्त मात्र खुलत असे.

आता जनूची खोड ऐका. खारं पाणी पत्रा खातं. बाकीचे लोक गाडीच्या पोटाला काळा रंग लावतात. जनू होडीवाला, होडीच्या लाकडाला जसं माशाचं तेल पाजतात तसं त्यानं गाडीच्या पोटालाही तारलीचं तेल पाजायला सुरुवात केली. दर मोसमाला, ब्रशनं, हात सैल सोडून. पत्रा खरंच गंजला नाही. पण गाडी बाराही महिने खालून ओली. ती उमेळ्यात शिरली की मागून मांजरांची मिरवणूक. इतकी मांजरं, की एकदा वाहतूक पोलिसानं हात करून आधी त्यांना जाऊ दिलं.

या गाडीला काहीही गळो, जनू म्हणायचा, “माशाचं तेल हाय ते.” ब्रेक ऑइलची डबी खाली जायला लागली तेव्हाही तो तेच म्हणाला आणि वरून ओतत राहिला. महिनोन् महिने. आणि एक दिवस क्लचप्लेट बदलायला गाडी मामाकडे आणली तेव्हा, सहज, चहा पिता पिता हे बोलून गेला.

मामानं कप खाली ठेवला. “किती दिवस ओततोस?”

“असेल दिवाळीपासून.”

“ब्रेकमध्ये? ओततोस?”

मामाच्या पहिल्याच थोबाडीत जनूची टोपी माझ्या दुकानात येऊन पडली.

त्या दिवसापासून गाडी मामानं ठेवून घेतली. जनूला ती चैत्रात हवी होती. हिराबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, कार्ल्याच्या एकवीरेला नवस होता. सगळं घर त्या पिकअपच्या हौद्यात बसून जाणार होतं. सुना, नातवंडं, जनूची म्हातारी आई, दोन ढोलवाले. जाताना आणि येताना घाट.

“घाटातून,” मामा मला म्हणाला, “हौद्यात नातवंडं भरून, आणि पायाखाली हा भरवसा.”

त्यानं माशाचं तेल खरवडायला घेतलं. थरावर थर, जणू त्याखाली आणखी एक गाडी पुरलेली असावी. मांजरं त्याच्या अंगावर चढत होती. तो एकेकीला मानगुटीला धरून भिंतीपलीकडे, म्हणजे माझ्याकडे, फेकत होता. पोट स्वच्छ झालं. पीठ उडवलं. गाडी हाणून आणली. खाली घुसला.

कोरडं. चारी चाकं कोरडी. पाइप कोरडे. पिठावर एक डाग नाही.

आणि डबीतलं तेल बोटभर खाली.

पुन्हा धुतलं, पुन्हा पीठ. पुन्हा कोरडं, पुन्हा डबी खाली. मामीच्या घरात भाकरी बंद झाली. मामानं चाकं काढली, ड्रम उघडले, आत हुंगलं, घासलं, चाटलंसुद्धा. काही नाही. चाकं परत चढवली आणि मग तो गाडीला मारू लागला. आधी हातोड्यानं, मग लाथांनी. एका सकाळी मी पाहिलं, तो माणसाची गचांडी धरावी तशी गाडीची पुढची लोखंडी जाळी धरून उभा होता आणि दातांतून म्हणत होता, “गळते ती गाडी आजारी. न गळता जिचं तेल जातं, ती खुनी. बोल!” गाडी काय बोलणार. मुठीतून रक्त येत होतं. मी आयोडीन नेलं तर तेच फेकून मारलं.

आता हे माझ्यासारख्या दुकानदारालाही सांगता येतं, की बाहेर पडत नाही म्हणजे तेल आतच कुठेतरी जातंय. पण त्यानं आयुष्यभर गळती डोळ्यांनी पकडली होती. डोळ्यांना न दिसणारी गळती त्याच्या देवानं बनवलीच नव्हती.

निघायच्या आदल्या दुपारी जनू आला. सोबत चार पुतणे, चारही जाळी ओढून ओढून दगड झालेले.

“इनास, गाडी काढ.”

“नाय काढत.”

“गळतंय कुठं दाखव.”

जनू वाकला, गाडीखाली हात फिरवला आणि पिठानं पांढरा झालेला तळवा सगळ्यांना दाखवला. “सुकं खडखडीत हाय! एक थेंब दाखव, गाडी इथंच जाळतो. दाखव!”

“थेंब नाय,” मामा म्हणाला. “पन तेल जातंय.”

“म्हातारा झालास तू. माजी गाडी हाय. बाजूला हो.”

जनूनं चावीला हात घातला आणि मामानं जॅकचा दांडा उचलला. मग जे झालं ते मी माझ्या काउंटरमागून, फॅनबेल्टच्या गुंडाळ्यांआडून पाहिलं; तिथून गॅरेजचं अंगण फाटकापर्यंत उघडं, त्यामुळे सगळं दिसलं. पहिल्या पुतण्याच्या खांद्यावर दांडा बसला आणि तो टायरांच्या ढिगात गेला. दुसऱ्यानं मागून मामाच्या गळ्याला मिठी घातली. मामानं त्याला पाठीवर घेऊन भिंतीवर आपटला, भिंतीचं माझ्या बाजूचं प्लास्टर पडलं. तिसऱ्याचा कान मामाच्या दातांत आला आणि थोडा तिथेच राहिला. चौथ्यानं जॅकच उचलून मामाच्या बरगड्यांत घातला. तो आवाज मी विसरलो नाही. मार्सेलीनमामी आली आणि तिनं धुण्याच्या रॉकेलची बादली, आपला कोण परका कोण न बघता, सगळ्यांवर रिकामी केली. “मरा!” ती म्हणाली. “एकदाचे मरा सगळे!”

एवढ्यात इंजिन सुरू झालं. जनू आत बसला होता.

मामा धावला. बरगडी धरून, वाकडा, पण धावला, आणि फाटकाच्या विटांच्या खांबापुढे उभा राहिला. “डबी बघ!” तो ओरडत होता. “आधी डबी बघ, जन्या!”

जनू हसला. मी त्याचं तोंड पाहिलं; तो नेहमीचंच हसू हसला. त्यानं गाडी नेहमीसारखीच सरळ मामाच्या अंगावर घेतली. वीतभरावर थांबायचं, हातोडा, शिव्या, चहा. मामाही नेहमीसारखाच हलला नाही. की त्याला हलायचंच नव्हतं, देव जाणे.

जनूचा पाय ब्रेकवर गेला आणि पेडल जमिनीला टेकलं.

मामाच्या गुडघ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज झाला, सुक्या फांदीसारखा. खांब आणि बंपर यांच्यामध्ये तो उभाच राहिला. पडायला जागाच नव्हती. छाती बोनेटवर, गाल बोनेटवर. आत जनू वेड्यासारखा पेडल दाबत होता, पुन्हा पुन्हा, तोंडानं आईला हाका मारत. पुतणे जनूला ओढत होते, मामी किंचाळत होती. मी काउंटरवरून उडी मारली. ही उडी खरी आहे.

आणि मामा ओरडला, “गप! सगळे गप!”

सगळे गप झाले.

“जन्या, पाय मार. परत मार.”

जनूनं रडत रडत पेडल दाबलं. मामाचा कान बोनेटला चिकटलेला होता. त्याचे डोळे मिटले.

“बूस्टर,” तो म्हणाला. “बूस्टरमध्ये खळखळतंय. आत जातंय.”

पेडल हलकं पडावं म्हणून ब्रेकच्या सिलिंडरमागे पत्र्याचा एक चपटा डबा असतो, तो बूस्टर. सिलिंडरचं मागचं सील गेलं की तेल बाहेर न पडता गुपचूप त्या डब्यात साठतं. पीठ उडवून ते या जन्मी दिसलं नसतं.

गाडी मागे ढकलली तसा मामा कोसळला. पण त्यानं बंपर सोडला नाही. रक्त पिठात मिसळत होतं, आणि हा म्हणतोय, “आधी खोला. बघितल्याशिवाय नाय जात.” मामीनं त्याच्या थोबाडीत दिली, जनूनं बोटं सोडवायचा प्रयत्न केला, उपयोग नाही. शेवटी ज्याचा कान चावला होता तोच पुतण्या, एका हातानं कान धरून, पाना घेऊन वाकला. नट सुटले. सिलिंडर मागे सरकला आणि त्या डब्यातून दिवाळीपासूनचं तेल भडाभडा बाहेर आलं. मामानं ते पाहिलं. मग बंपर सोडला.

पाय वाचला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला. गॅरेजही नंतर राहिलं नाही. जागेच्या मालकानं तिथे इमारत बांधायला दिली, आणि मामा मामीला घेऊन वटारला भावांकडे गेला. मी दोनदा गेलो तर तो वाडीत झोपलेला होता, आणि त्याला उठवायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती. म्हणून मी त्याला शेवटचा जागा पाहिला तो हॉस्पिटलातच.

मी बिस्किटं घेऊन गेलो होतो. जनू वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला. दाढी वाढलेली, नजर फरशीवर. मामानं त्याला अजून आत बोलावलं नव्हतं आणि तो घरीही जात नव्हता. आत मामा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चादर एका बाजूला मध्येच सपाट झालेली. मार्सेलीनमामी पायथ्याशी जपमाळ ओढत बसली होती.

तेवढ्यात हिराबाई आली. थेट कार्ल्याहून, अंगावर प्रवासाची धूळ, हातात नारळ. नवरा बाहेर बसलेला. पण बोललेला नवस तिनं मोडला नव्हता. सगळ्या घराला घेऊन ती नवऱ्याविना जाऊन आली होती. तिनं नारळ स्टुलावर ठेवला आणि पदर सावरून उभी राहिली.

“गेलात?” भिंतीकडून आवाज आला.

“गेलो.”

“पोरं?”

“सगळी होती.”

मामा वळला. कोपरावर उठला, बरगडीनं तोंड वेडंवाकडं झालं, आणि त्याचा तो भला मोठा पंजा स्टुलावर फिरू लागला. पाण्याचा तांब्या सापडल्यावर त्यानं तो घट्ट धरला, फेकायच्या तयारीत. मी दाराकडे सरकलो.

“त्याच गाडीनं?”

हिराबाई तांब्याकडे बघत राहिली.

“एस्टीनं,” ती म्हणाली. “बसायला जागा मिळाली सगळ्यांना.”